घरी पडून असलेल्यांसाठी

सिनेमा संपला तरी चर्चच्या जेवणाच्या हॉलमधलं कुणी उठलं नाही. पडदा म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीवर ताणलेली चादर. तिच्यावर आता नुसता पांढरा उजेड होता. मग चर्चमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ मदर ओझेलांनी डोळे पुसून रुमाल पर्समध्ये ठेवला, एप्रन बांधला आणि "चला गं, मासा गार होतोय," म्हणत त्या आत गेल्या. बाकीच्या बायका त्यांच्या मागोमाग.

रेनिटा वायर गुंडाळत होती. तीन वर्षं ती या चर्चचे पाळक रेव्हरंड टॉलिव्हर यांच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडली होती. साधं बोलता बोलता त्यांचं प्रवचन कधी गाणं होऊन जायचं ते कळायचं नाही, आणि ऐकणारे आपोआप उभे राहायचे. रेव्हरंडांना जाऊन वर्ष झालं होतं. आज तिच्या सिनेमात त्यांच्याच माणसांनी त्यांना पुन्हा ऐकलं, आणि ती दोनदा उभीही राहिली.

तेवढ्यात तिला मागच्या भिंतीशी तिकाटण्यावर लावलेला फोन दिसला. कोपऱ्यात लाल ठिपका.

"डीकन गेन्स, हा फोन कशाला लावलाय?"

"कशाला म्हणजे? दर रविवारी लावतो तसाच," चर्चचे जुने सेवक असलेले डीकन म्हणाले. "घरी पडून असलेल्यांसाठी. त्यांनी बिचाऱ्यांनी काय करायचं?"

"म्हणजे सिनेमा थेट इंटरनेटवर गेला? सगळा?"

"पहिल्यापासून. प्रार्थनेसकट."

रेनिटा जवळच्या खुर्चीवर बसली. समोर फलकावर तिनेच सकाळी कौतुकाने लावलेला कागद होता. आधी सहा मोठ्या शहरांतली थिएटरं. तीन महिन्यांनी घरबसल्या भाड्याने. मग ओटीटी. सगळ्यात शेवटी लायब्रऱ्या आणि चर्च. तो वाचून डीकन सकाळी म्हणालेही होते, "घरच्यांना शेवटच्या पंगतीला बसवलंस की पोरी." न्यूयॉर्कच्या वितरकांची एकच कडक अट होती: थिएटरात लागेपर्यंत सिनेमा कुठेही फुकट दिसता कामा नये, नाहीतर करार रद्द. आजचा खेळ त्यांनी एकदाच, दार लावून, या हॉलपुरता दिला होता. आणि दुसरा कुठलाही वितरक हा सिनेमा घ्यायला तयार झाला नव्हता.

डीकनना हे कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"पुसून टाकतो. एक बटण दाबायचं. कोण बघतंय, आपली अकरा आजारी माणसं."

"आणि वितरकांनी विचारलं तर? रेव्हरंडांच्या हॉलमध्ये बसून खोटं बोलू?"

"मग फोन माझ्याकडे दे. चूक माझी आहे, मी बोलतो."

"तुम्ही बोलायला लागलात तर ती बाई आज जेवायची नाही," रेनिटा म्हणाली आणि तिने स्वतःच न्यूयॉर्कला फोन लावला.

वितरकांकडच्या लिंडक्विस्टबाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती जणांनी पाहिला?"

रेनिटाने तिकाटण्यावरचा फोन उतरवून बघितलं. पुन्हा बघितलं.

"सहाशे बारा."

"अकरा," डीकन पुटपुटले. "आपली अकराच आहेत."

त्या अकरा जणांनी त्याची लिंक पुढे पाठवली होती. मुलांना, भाच्यांना, आईबापांबरोबर लहानपणीच मिसिसिपी सोडून उत्तरेला गेलेल्या सगळ्यांना. फोनवर खाली तिथल्या गावागावांतून ओळींमागून ओळी येत होत्या आणि रेनिटा त्या मोठ्याने वाचत होती. फ्लिंट. गॅरी. मिलवॉकी. आमच्या चर्चमध्ये कधी आणताय? आमच्याकडे दोनशे खुर्च्या आहेत. आमच्याकडे पडदासुद्धा आहे, चादर नाही.

"पुढे वाचा की," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या.

रेनिटाने पुढची ओळ वाचली. "टोलेडो. मी एस्टेल, रेव्हरंडची धाकटी बहीण. अंथरुणाला खिळल्येय. भावाच्या शेवटाला येता आलं नाही. आज आले."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"खरं तर मी आत्ता वकिलांना सांगायला हवं," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आपल्या सहा शहरांत टोलेडो नाही, नाही का?"

"यातलं एकही नाही."

"ही सगळी गावं मला लिहून पाठवा. चर्चच्या नावांसकट. करार राहील की नाही ते उद्या दुपारी सांगते. शब्द देत नाही. आणि तो फोन आधी बंद करा."

डीकननी लाल ठिपका बंद केला. टोपी अजून हातातच होती.

"पोरी, तुझी तीन वर्षं मी..."

"माफी मागू नका, डीकन. कुणाला आधी दाखवायचा याच्यावर मी न्यूयॉर्कमध्ये किती बैठका केल्या. तुम्ही एकाच बटणात दाखवलात. देवाने भलं करावं तुमचं."

तिने फलकावरचा कागद काढला, उलटा करून टेबलावर पसरला आणि पेन उघडलं. "एस्टेलबाईंपासून गावं वाचून सांगा."

डीकननी चष्मा लावला. पन्नास वर्षं या चर्चमध्ये त्यांनी स्तोत्राची एकेक ओळ आधी गाऊन सांगितली होती आणि लोकांनी ती मागून उचलली होती. त्यांना सपाट वाचता येतच नसे. त्यांनी टोलेडो हे नाव लांबवलं, वर चढवलं आणि सोडून दिलं.

आत भांडी घासणाऱ्या बायकांनी नळ बंद केला आणि, हात फेसात तसेच ठेवून, ते मागून गात उचललं.