आतलं कापड

नेपल्सच्या आनिएल्लो मास्तरांकडे मी लग्नापासून सूट शिवून घेतो. दर वेळी माझी बायको नुन्त्सिया सोबत येते आणि त्यांना एकच बजावते, "मास्तर, शिवणीत आत भरपूर कापड ठेवा. याचं पोट सुटलं की उसवून सैल करता आलं पाहिजे. सूट काय दर वर्षी शिवायचा असतो?"

माझं वजन उगाचच उतरत चाललं होतं, म्हणून आज सकाळी इस्पितळात गेलो. मी आत कपडे चढवत होतो तेवढ्यात डॉक्टर तिच्याशी बोलले. "काही नाही, पोटाला सूज आहे," ती मला म्हणाली. "औषधानं जाईल." मग आम्ही कॉफी प्यायलो आणि धाकट्या मुलीच्या लग्नाचा सूट शिवायला तसेच मास्तरांकडे आलो.

मास्तरांनी माझ्या कमरेला टेप लावली. "अहो प्रोफेसर, तुमच्यापेक्षा माझ्या हँगरला जास्त मांस आहे! सिन्योरा, यांना जेवायला घालता की नाही?"

नुन्त्सिया हसली. मी हात वर करून उभा होतो.

"असू दे. लग्नाचं जेवण जेवले की अंग भरेल," मास्तर खडू उचलत म्हणाले. "आत चार बोटं कापड ठेवतो, नेहमीसारखं."

नुन्त्सियाने माझ्या खांद्यावरचा एक दोरा अलगद काढला आणि ती म्हणाली,



"नको, मास्तर. या वेळी नको. आत्ता अंगावर नीट बसू दे."