पेटीवरचं स्वस्तिक

विजयमालाकाकींचं उकळलेल्या पाण्याचं व्रत, उकळलेलं सोडून दुसरं पाणी प्यायचं नाही. प्रवासात पाणी उकळायची विजेची किटली चालावी म्हणून त्यांच्या लेकानं, अरिहंतनं, गाडीत दुसरी बॅटरी बसवून घेतली. चमन मिस्त्रीनं ती ड्रायव्हरच्या सीटमागं झाकणाच्या पेटीत ठेवली, पट्ट्यानं घट्ट आवळली, फ्यूज लावला, वाफ बाहेर जायला नळी गाडीखाली सोडली आणि बजावलं, "काकी, हिच्यावर वजन न्हाय. पाणी तर अजिबात न्हाय."

पण काकींचे दीर वर्धमान मागं बसले की त्यांचे पाय हमखास त्या पेटीवर. अरिहंतनं टोकलं तर म्हणायचे, "एवढ्यानं काय हुतंय रं? गुडघं दुखत्यात की माझं."

काकी कुणाला उलटून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. अष्टमीला डोंगरावरच्या बाहुबलीच्या दर्शनाला निघताना त्यांनी गुपचूप पेटीवर गंधानं स्वस्तिक काढलं आणि वर एक फूल ठेवलं. ते बघताच भाऊजींनी पाय आखडले, ते डोंगर येईपर्यंत सोडले नाहीत. काकी पदराआड हसल्या.

दर्शन घेऊन, डोंगर उतरून त्या तहानेनं व्याकूळ होऊन गाडीपाशी आल्या. भाऊजी त्यांच्या आधीच येऊन थांबले होते. हातात रिकामा तांब्या, चेहऱ्यावर मोठं समाधान.

 

"वैनी, लई दिवस पाय लावला की मी. आज झाकण काढून तांब्याभर पाण्यानं अभिषेक घातला, तवा कुठं जीवाला बरं वाटलं."