बिट्टीची मुलाखत

"आई, आत भाषण नको हं," सुनेने दारातच बजावलं. बाईंनी मान डोलावली. तोंडाला कुलूप लावायचं हे घरीच ठरलं होतं.

ऑफिस लहान मुलांच्या शाळेचं, पण आत एकही खुर्ची लहान नव्हती. साडेतीन वर्षांची बिट्टी आई आणि आजीच्या मध्ये बसली, पाय अधांतरी. टेबलापलीकडच्या मुख्याध्यापिका ताडकन उभ्या राहिल्या.

"बाई! तुम्ही? अहो, निरोप धाडला असता तरी झालं असतं."

बाईंचा चेहरा उतरला. ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. बाईंनी जन्मभर बालवाडी चालवली, शिक्षिका घडवल्या, आणि प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच सांगितलं: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते मुलाला विचारायचं नाही. मूल काही चोर नव्हे, उलटतपासणी घ्यायला. चिमुरड्यांच्या मुलाखती बंद व्हाव्यात म्हणून त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. आणि आज त्या स्वतःच नातीला घेऊन मुलाखतीला! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पण मुलगा-सून दोघंही नोकरीला, घराजवळ दुसरी शाळा नाही, करणार काय?

"नियम म्हणून फक्त दोन प्रश्न," मुख्याध्यापिका नजर चुकवत म्हणाल्या.

"अगं, तूच ना ती..." बाईंच्या तोंडून निघालंच. सुनेने त्यांचा हात दाबला.

"काय करू बाई, वरून दट्ट्या असतो. आणि पालकांनाही हेच हवं असतं."

त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. "सांग बरं बाळ, हा कुठला रंग?"

बिट्टीने कार्डाकडे पाहिलं, मग मुख्याध्यापिकांकडे, जरा काळजीनेच. रंग तिला सगळे येत होते. पण आपल्याला खरंच माहीत नसेल तरच विचारायचं, ही तिच्या घरातली रीत.

"येत नाही का?" मुख्याध्यापिकांनी पेन उचललं. सुनेचा जीव टांगणीला लागला. बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. इतकी वर्षं नुसतं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं आपण!

बिट्टी खुर्चीवरून घसरत उतरली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने मुख्याध्यापिकांचा हात थोपटला.

"लाल," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "असू दे हं. येईल तुला हळूहळू."

मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वर्ग आवरेना म्हणून त्या कोपऱ्यात रडत बसल्या होत्या, तेव्हा बाईंनी असाच हात थोपटला होता, हेच म्हटलं होतं. त्यांनी डोळे टिपले. बिट्टीच्या अर्जावर शिक्का मारला. सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला.

बाई मात्र त्या कार्डाकडे बघत होत्या. आता तरी ते खणात जाईल.

मुख्याध्यापिकांनी कार्ड पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं, कडा नीट जुळवल्या आणि घंटी वाजवली.

"पुढच्या मुलाला पाठवा."