सलोख्याची पंगत

खालची आळी पेटवल्यानंतर गाव पहिल्यांदाच एका पंगतीला बसलं होतं. त्या आगीत घर गेलेल्या सगुणानेच दारोदार फिरून हे जुळवून आणलं होतं. प्रत्येक घराने एकेक पदार्थ शिजवून आणला होता.

वरण वाढताना तिला नवल वाटलं. चुलीवर चढवायच्या भांड्याला मातीचा लेप बुडाशी देतात, या पातेल्याला तो पार काठापर्यंत होता. अंगठ्याखाली एक खपली निघाली आणि तिच्या आईचं कोरलेलं नाव दिसलं. आग लावण्याआधी तिच्याच घरातून लुटून नेलेलं पातेलं.

"हे कुणाच्या घरचं?" तिने हळूच विचारलं.

सगळ्यांचे घास थांबले. सरपंचांनी ताट पुढे केलं. "गावाचंच आहे, पोरी. वाढ."

तिने भिंतीकडेच्या भांड्यांकडे पाहिलं. एकूणएक भांड्याला काठापर्यंत लेप होता.