तुरटीचा खडा

पन्नास वर्षे दर शनिवारी म्हातारा न्हावी आपल्या बालमित्राची, अवघ्या गावाची दारे घडवणाऱ्या सुताराची, दाढी करीत आला होता. शेवटी गालावर तुरटी फिरवली की सुतार कळवळून म्हणे, “लेका, जाळलंस की रे!” आणि दोघेही खळखळून हसत. आज अंत्ययात्रेपूर्वी तीच दाढी करण्यासाठी तो मित्राच्या निष्प्राण देहाशेजारी बसला. सवयीने त्याने पाणी कोमट करून आणले. “काका, आता गार पाणीही चाललं असतं,” सुताराचा मुलगा हळूच म्हणाला. “गार पाणी लागलं की शिव्या देतो रे तो,” न्हावी उत्तरला. वस्तरा हनुवटीवर किंचित घसरला. त्वचा चिरली, पण रक्ताचा थेंबही उमटला नाही. न्हाव्याने तरीही तुरटीचा ओला खडा त्या जखमेवर हलकेच टेकवला, आणि कान देऊन तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.