माझी गप्प शार्क

मृण्मयीच्या शार्कचे सकाळपासून सिग्नलवर सिग्नल येत होते, म्हणून ती सगळ्या प्रयोगशाळेत आईने पाठवलेले बेसनाचे लाडू वाटत होती. "घे गं, तोंड गोड कर." घेतला आणि न खाताच कीबोर्डशेजारी ठेवून दिला.

अटलांटिकमधल्या या बेटाजवळ आम्ही दोघींनी एकाच दिवशी एकेका मादीच्या पाठीवरच्या पराला टॅग बसवला होता. पर पाण्याबाहेर आला, तरच टॅग उपग्रहाशी बोलतो. तिची बया महासागरभर बोलत सुटली होती आणि माझी मेली महिनाभर खोलात गप्प.

जळफळत मी मृण्मयीच्या शार्कचा नकाशा उघडला. ठिपका सरळ किनाऱ्याकडे निघाला होता. कुठलीच शार्क इतका वेळ पर बाहेर ठेवून पोहत नाही. ती कुणाच्या तरी बोटीवर होती. बघता बघता ठिपका बंदरात शिरला आणि मासळीबाजारावर थांबला.

मृण्मयी माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"तुझी अजून गप्पच आहे ना?"

"हो."

तिने लाडवांचा डबा बंद केला. इतके दिवस मी तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने ती माझ्याकडे बघत होती.