शिंपल्याची बांगडी

नोंग खाम गावाला येणारा नवा रस्ता दोघी बहिणींच्या शेतांतून जाणार होता. डांबर पडायच्या आधी उत्खननवाल्यांनी दोन्हीकडे खड्डे घेतले. धाकट्या लामदुआनच्या शेतात एक बाई सापडली. इथं पहिल्यांदा भात लावला त्या लोकांमधली, चार हजार वर्षांपूर्वीची, असं उत्खननाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. उशाशी मडकं, मडक्यात जळून काळी पडलेली साळ, कुशीला दगडी कुदळ, मनगटात शिंपल्याच्या बांगड्या. थोरल्या बुआफानच्या शेतात नुसती माती निघत होती.

दोघी त्याच कामावर मजुरीला होत्या. बुआफान दिवसभर आपल्या खड्ड्यातल्या मातीची चाळण हलवायची आणि बांधापलीकडची गर्दी बघायची. गावातल्या बाया झेंडूच्या माळा आणत, उदबत्त्या लावत, मडक्यावरच्या रेघांत लॉटरीचा नंबर शोधत. टीव्हीवाले आले तेव्हा लामदुआन कमरेला गुंडाळायचं ठेवणीतलं रेशमी सिन नेसून खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. पोरं तर त्या हाडांना 'लामदुआनची आजी' म्हणायला लागली.

"मेलेल्यांनासुद्धा कळतं बाई, कुणाच्या शेतात मरायचं ते," बुआफान म्हणाली.

बाया हसल्या. ती हसली नाही. पाणथळीजवळचा तो तुकडा आईनंच धाकटीला दिला होता. आणि दुपारी चिकट भाताची टोपली घेऊन म्हातारी यायची, तीही आधी पलीकडच्या खड्ड्याकडे वळायची.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे चिंचेखाली गेले. बुआफान मागे राहिली. बांध ओलांडून ती लामदुआनच्या खड्ड्यात उतरली. हाडांवर ओलं गोणपाट घातलेलं होतं, ते तिनं बाजूला सारलं. एक बांगडी हाडापासून सुटून मातीवर आली होती. उचलायची, आपल्या चाळणीत टाकायची, आणि सुट्टीनंतर सगळ्यांदेखत 'सापडली' म्हणून हाक मारायची. एवढंच तर होतं.

"घे ना," वरून आवाज आला.

काठावर, ताडपत्रीच्या सावलीत आई बसली होती. मांडीवर टोपली. बुआफानचा हात होता तिथंच राहिला. आता ही मॅडमना हाक मारणार, असं तिला वाटलं. पण म्हातारी हलली नाही.

"एक कमी झाली तर धाकटीचं काय अडणार आहे? टाक तुझ्या चाळणीत. मी नाही कुणाला सांगत."

बुआफाननं मान वर केली.

"हेच लामदुआननं केलं असतं, तर? तेव्हाही अशीच गप्प बसली असतीस?"

आईनं टोपलीचं झाकण काढलं, परत लावलं.

"तिच्यावर अशी वेळ येऊच दिली नाही मी," ती म्हणाली.

चिंचेखालून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. बांगडीला न शिवता बुआफाननं गोणपाट परत ओढलं आणि कडा नीट दाबल्या.

ती वर चढून आली, तेव्हा उठायला आधार हवा म्हणून आईनं हात पुढे केला होता. बुआफान आपल्या हातांची माती कपड्याला पुसत राहिली. आधी एका हाताची, मग दुसऱ्याची. सावकाश.